शाहू महाराजांनी भर रस्त्यात गाडी थांबवून गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातला चहा का मागवला?

आज कोल्हापुरात कुठल्या हॉटेलात जायचं हे खिसा आणि चव बघून ठरतं. तांबडा-पांढरा हाणायचा की मिसळ, एवढाच काय तो प्रश्न.

शंभर वर्षांपूर्वी मात्र आधी जात बघितली जायची. हॉटेल कुणाचं, चहा कुणी केला, कप कुणी विसळला, यावर गिऱ्हाईक आत शिरणार की पुढं जाणार हे ठरायचं.

चहाचं प्रकरण त्या काळी केवढं पेटायचं याचं उदाहरण पुण्यात सापडतं. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली. त्यावरून असा गदारोळ उठला की वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

अशा काळात कोल्हापूरच्या छत्रपतींनी एका महार समाजातल्या माणसाच्या हॉटेलातला चहा घेतला. तोही चारचौघांत.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची विशी पूर्ण व्हायच्या आत, त्यांनी कारभार हातात घेतला. तेव्हा दरबारातल्या बहुतेक मोठ्या जागा एकाच जातीकडं होत्या.

जात काय असते याचा चटका खुद्द राजालाही बसला. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भटजी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचं लक्षात आलं. म्हणजे छत्रपतींच्या गादीवर बसलेला माणूस धर्माच्या हिशेबात शूद्रच! हे वेदोक्त प्रकरण पुढं वर्षानुवर्षं गाजलं.

पण महाराज स्वतःच्या अपमानापाशी थांबले नाहीत. छत्रपतींची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल, हा विचार त्यांच्या पुढच्या प्रत्येक निर्णयात दिसतो. १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहू लागली. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं.

आता येऊ गंगाराम कांबळेंकडं.

गंगाराम महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पागेतल्या एका हौदाचं पाणी वरच्या जातीच्या नोकरांसाठी राखीव होतं. त्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून गंगारामांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर गंगाराम थेट त्यांच्यापुढं उभे राहिले आणि वळ दाखवले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली.

एवढ्यावर न्याय झाला असं म्हणता आलं असतं. पण गंगाराम त्याच पागेत राहिले असते, तर त्याच माणसांत आणि त्याच हौदाशेजारी दिवस काढावे लागले असते. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा टाकायला सांगितलं.

गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं. नाव ठेवलं सत्यसुधारक.

हॉटेल झकास, चहा चांगला, जागाही भर वस्तीतली. फक्त गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा घ्यायचा कसा, यावरच गाडं अडलं. वरून हुकूम काढला की शाळा चालू करता येते, नोकरी देता येते. पण लोकांनी अमुक हॉटेलात चहा प्यावा, असा हुकूम कसा काढणार?

मग महाराजांनी स्वतःच गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं. फेरफटक्याला निघालेली त्यांची गाडी गंगारामांच्या हॉटेलासमोर थांबली आणि त्यांनी चहा मागवला. स्वतः घेतला आणि गाडीत सोबत असलेल्या वरच्या जातीच्या मंडळींनाही पाजला. राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? हे एकदाच घडलं नाही. दरबारी काम घेऊन आलेल्या माणसाला तिथं चहा पाजायचा आणि मगच कागदावर सही करायची, असेही किस्से कोल्हापुरात सांगतात. धंदा वाढावा म्हणून महाराजांनी गंगारामांना सोडावॉटरचं मशीनही घेऊन दिलं.

यातली गोम लक्षात घ्या. महाराजांनी गंगारामांना पैसे देऊन घरी बसवलं नाही. त्यांनी त्यांना दुकानदार केलं आणि समाजाला त्यांच्या दारात गिऱ्हाईक म्हणून उभं केलं. घेणारा आणि देणारा यांची जागाच बदलली.

१९१९ मध्ये महाराजांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी शिवाशिव पाळायला बंदी घातली. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. त्याआधी बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’साठी त्यांनी २,५०० रुपये दिले होते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७.

नंतर कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं ते नर्सरी बागेत. ते उभारण्यात पुढाकार कुणा सरदाराचा किंवा जहागीरदाराचा नव्हता. तो होता गंगाराम कांबळेंचा.

आणि १९५० साली भारताची राज्यघटना लागू झाली. मसुदा समितीचे अध्यक्ष होते माणगावच्या परिषदेतले तेच बाबासाहेब. जातीच्या नावाखाली कुणालाही अडवता येणार नाही अशा ठिकाणांची यादी घटनेच्या १५ व्या कलमात आहे. तीत विहिरी, तलाव, रस्ते आहेतच. पण त्याआधी दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं येतात.