प्रार्थनेला चाल देणारे वसंत देसाई

वाचकहो, सिनेमा म्हटला की आपल्यातील कित्येक वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुले बिघडतील ही त्यांची काळजी अगदीच अनाठायी नाही. परंतु देशातील असंख्य शाळांत मुले हात जोडून जी हिंदी प्रार्थना म्हणतात, ती १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातील आहे. शब्द भरत व्यास यांचे, चाल वसंत देसाई यांची. प्रार्थना मुलांना तोंडपाठ असते. चाल कोणाची असे विचारले, की सारा वर्ग गप्प होतो. म्हणून हा अल्प परिचय.

वसंतरावांचा जन्म ९ जून १९१२ रोजी सावंतवाडी संस्थानातील सोनवडे या खेड्यात झाला. दशावतार आणि भजने यांचा तो मुलूख. गाण्याची ओढ त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. तेथे १९२९ साली ‘प्रभात फिल्म कंपनी’ उभी राहिली होती. या होतकरू तरुणाने तेथे पडेल ते काम केले, लहानसहान भूमिका केल्या आणि गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव यांच्यासारख्या थोरांच्या सहवासात कान तयार केला. संगीताची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होती ती शिकण्याची तयारी.

पुढे व्ही. शांताराम यांनी मुंबईत ‘राजकमल’ ही संस्था काढली. तिच्या ‘शकुंतला’ (१९४३) या चित्रपटाने वसंतरावांचे नाव झाले. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६), ‘अमर भूपाळी’ (१९५१), आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) अशी त्यांच्या कामाची चढती कमान आहे. शाहीर होनाजीची कथा असो की साने गुरुजींच्या आईची, संगीत त्या कथेच्या मातीतलेच वाटावे, ही त्यांची हातोटी.

मोठ्यांना मान देऊन त्यांचे काम घेणे हा त्यांचा दुसरा गुण. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) मध्ये उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज आहे, पंडित सामताप्रसाद यांचा तबला आहे. ‘गूँज उठी शहनाई’ (१९५९) मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई आणि उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांची सतार आहे. बनारसच्या उस्तादांची सनई आणि कोकणच्या खेड्यातील संगीतकाराच्या चाली एकत्र आल्या, तेव्हा ऐकणाऱ्याने कोणाचा धर्म विचारला नाही. राष्ट्रीय एकात्मतेचा याहून सोपा पाठ कोणता?

आता पुन्हा प्रार्थनेकडे वळू. औंध संस्थानातील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर ‘दो आँखें बारह हाथ’ आधारलेला आहे. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर, अशी ती कथा. तीत ईश्वराला कोणत्याही एका धर्माच्या नावाने हाक मारलेली नाही. तो सर्वांचा धनी आहे. वसंतरावांनी चालही तशीच बांधली. ताना नाहीत, मुरक्या नाहीत. न शिकलेल्या गळ्यालाही ती पेलते. म्हणून चित्रपटगृहातून ती शाळेत आली आणि टिकली. ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटातील शालेय प्रार्थनाही त्यांचीच.

१९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात विश्वमैत्रीचे संस्कृत गीत गायिले. त्याची चालही वसंतरावांची. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचे दुःखद निधन झाले.

वाचकहो, मुलांना सिनेमापासून नुसते दूर ठेवून भागणार नाही. चांगले कोणते आणि उथळ कोणते, हे ओळखणारा कान त्यांना द्यावा लागेल, आणि ती जबाबदारी तुम्हा पालकांची व आम्हा शिक्षकांची आहे. तेव्हा एखाद्या सकाळी प्रार्थना संपल्यावर मुलांना दोन मिनिटे थांबवा आणि ही चाल बांधणाऱ्या माणसाचे नाव सांगा. त्याचे एवढे ऋण तरी आपण फेडू या.