वसईहून निघालेला गोन्सालो

संत गोन्सालो गार्सिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रूस आणि भाले उभे राहतात. सणाच्या प्रवचनात बहुधा त्यांच्या आयुष्यातील शेवटची एक सकाळ येते आणि तिच्या आधीची चाळीस वर्षे दोन-तीन वाक्यांत उरकली जातात. आज आम्हांला लिहायचे आहे ते या चाळीस वर्षांविषयी. ती सरळ रेषेत गेलेली नाहीत. त्यांत एक नकार आहे, मन लावून केलेले आणि मग सोडावे लागलेले काम आहे, भरभराटीला आलेला धंदा आहे, आणि तोही सोडून तिशीच्या आसपास पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसणे आहे. आपल्या घराघरांत जे घडते त्याच्याशी हे फारसे वेगळे नाही. म्हणून संत झालेल्या गोन्सालोइतकाच संत होण्याआधीचा गोन्सालो आपल्याला माहीत असावा, असे वाटते.

त्यांचा जन्म 1557 च्या सुमारास वसईत झाला. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली होती. म्हणजे गोन्सालो जन्मले तेव्हा या सत्तेला वीस-बावीस वर्षेच झाली होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. अशा मुलांची स्थिती त्या काळी अवघड असे. युरोपातून आलेले गोरे त्यांना आपल्या बरोबरीचे मानत नसत आणि गावातल्या लोकांनाही ती पुरती आपली वाटत नसत. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत मुलाचे शिक्षण झाले. फादर सेबास्तियाव गोन्साल्विस यांचा त्याच्यावर लोभ होता आणि त्यांनीच त्याला पुढे जपानच्या मिशनकार्याची वाट दाखवली.

पंधरा-सोळा वर्षांच्या वयात गोन्सालो येशूसंघीयांबरोबर जपानला निघाले. आज दहावी झालेल्या मुलाला एकट्याला पुण्याला पाठवताना आपण दहा वेळा विचार करतो. त्या काळी गोव्याहून एप्रिल-मेच्या सुमारास जहाज सुटायचे, मलाक्कामार्गे मकावला पोचायचे आणि तिथे अनुकूल वाऱ्याची वाट पाहत पुढल्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचे. मग कुठे जपान. सगळे सुरळीत झाले तरी वर्षाच्या वर काळ जायचा, आणि सगळे नेहमीच सुरळीत होत नसे. वादळ, चाचे, हगवण, स्कर्व्ही, काहीही वाट्याला येई. घरी पत्र पाठवले तर त्याचे उत्तर यायला दोन-तीन वर्षे लागत.

संत फ्रान्सिस झेवियर 1549 साली कागोशिमाला उतरले होते. गोन्सालो पोचले तेव्हा त्या घटनेला वीस-बावीस वर्षे उलटली होती आणि क्युशू बेटावर ख्रिस्ती मंडळी वाढत होती. नागासाकी हे तोवर लहानसे गाव. 1571 पासून पोर्तुगीज जहाजे तिथे लागू लागली आणि पाहता पाहता त्याचे बंदर झाले. या धामधुमीत वसईचा हा मुलगा धर्मशिक्षकाचे काम करू लागला. मुलांना प्रार्थना शिकवायच्या, स्नानसंस्काराची तयारी करून घ्यायची, धर्मगुरूंबरोबर गावोगाव हिंडायचे. जपानी भाषा त्यांना लवकर आली, आणि ती बाजारापुरती नव्हे, तर माणसांच्या मनाला हात घालणारी आली. स्वभाव गोड असल्याने लोक त्यांच्याकडे ओढले जात, असे जुन्या चरित्रांत आवर्जून नमूद केलेले आहे. जवळजवळ आठ वर्षे हे काम चालले.

या आठ वर्षांत त्यांची एकच इच्छा होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. ती पूर्ण झाली नाही.

इथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या पुस्तिकांत हा भाग चटकन मागे टाकला जातो. त्या काळी भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र वंशाच्या मुलांना संघात घेण्यास वरिष्ठ नाखूश असत. पूर्वेकडील येशूसंघाचे निरीक्षक अलेस्सांद्रो व्हालिन्यानो मोठ्या दृष्टीचे पुरुष होते. जपानी तरुणांना संघात घ्यावे, मिशनऱ्यांनी जपानी रीतिभाती शिकून घ्याव्यात, असा आग्रह त्यांनी धरला. पण भारतातील लोकांविषयी त्यांचे मत अनुकूल नव्हते. ख्रिस्तसभेच्या चांगल्या माणसांच्या मनातही त्या काळाचे पूर्वग्रह होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. ज्याने उमेदीची आठ वर्षे दिली, त्या तरुणाच्या पदरात मात्र नकार पडला. वय तेवीस-चोवीस. घर हजारो मैल दूर. हातात कसला हुद्दा नाही, फक्त एक परकी भाषा.

अशा वेळी माणूस कडवट होतो. आपल्यातही असे लोक आहेत. कुणी एकदा दुखावला आणि मग पंधरा-वीस वर्षे चर्चची पायरी चढला नाही. त्यांचे दुःख खोटे असते, असे आम्ही म्हणणार नाही. गोन्सालोंनी वेगळे काय केले? ते व्यापारात शिरले.

त्यांची श्रद्धा ढळली म्हणून ते व्यापाराकडे वळले, असे काही ठिकाणी सुचवले जाते. आम्हांला ते पटत नाही. पोट भरायला हवे होते आणि भाषा येत होती. मकावची जहाजे चिनी रेशीम जपानला आणत आणि परत जाताना जपानी चांदी नेत. या उलाढालीत दोन्ही बाजूंचे बोलणे समजणाऱ्या माणसाला मोल होते. गोन्सालोंचा जम बसला. निरनिराळ्या ठिकाणी त्यांच्या पेढ्या निघाल्या. धंद्यानिमित्त त्यांचे समुद्रावर सतत येणे-जाणे असे, आणि त्यातच त्यांच्या मनिलाला वारंवार फेऱ्या होऊ लागल्या. वसईचे लोक मुंबईच्या बाजारात भाजी आणि फुले घेऊन पिढ्यान्‌पिढ्या गेले आहेत. माल ओळखणे, शब्द पाळणे, गिऱ्हाईक सांभाळणे यात काय कष्ट आहेत, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ही वर्षे वाया गेली, असे आपण तरी कसे म्हणावे?

मनिला तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते आणि तिथे फ्रान्सिस्कन बंधूंनी बस्तान बसवले होते. अनवाणी राहणारी, जाडाभरडा झगा घालणारी, गरीब आजाऱ्यांची सेवा करणारी ही मंडळी. व्यापारी गोन्सालोंची त्यांच्याशी ओळख झाली. ओळखीची मैत्री झाली आणि दर खेपेला पाय तिकडेच वळू लागले. अखेर सुमारे तिशीच्या वयात त्यांनी धंदा आवरला आणि फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, तोही धर्मगुरू होण्यासाठी नव्हे, तर साधा ब्रदर म्हणून. पेढ्यांचा मालक असलेला माणूस मठात दुसऱ्यांच्या हुकमाखाली राबू लागला. यावेळी त्यांना कुणी नाकारले नाही.

तिकडे जपानमध्ये वारे फिरले होते. तोयोतोमी हिदेयोशी हा सर्वसत्ताधीश झाला होता. (आपल्या जुन्या पुस्तकांत त्याला बादशहा म्हटलेले आढळते. बादशहा वेगळा होता, पण सत्ता हिदेयोशीकडे होती.) त्याने 1587 मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला, पण तो कडकपणे अमलात आणला नाही. पुढे त्याने फिलिपाईन्सने आपले स्वामित्व मानावे, अशी मागणी केली. मनिलाचा गव्हर्नर पेचात पडला. लढाईची ताकद नव्हती आणि मान तुकवणेही शक्य नव्हते. बोलणी करण्यासाठी 1593 मध्ये त्याने वकील म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना पाठवले. फादर पेद्रो विद्वान आणि पवित्र होते, पण त्यांना जपानी येत नव्हते.

त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून कोण गेले, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. येशूसंघाच्या दाराबाहेर उभे राहून केलेली ती आठ वर्षे आणि त्यानंतरची व्यापाराची वर्षे इथे कामी आली. कोरियावर स्वारी चालू असल्याने हिदेयोशीचा तळ तेव्हा क्युशूतील नागोया येथे होता. लहरी आणि संशयी अशा या शास्त्यापुढे वसईच्या ब्रदरने मनिलाची बाजू मांडली. एक शब्द चुकला असता तरी काहीही होऊ शकले असते. बोलणी पार पडली आणि फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. एका परीने ते ओलीसच होते.

क्योटो शहरात त्यांना जागा मिळाली. तिथे त्यांनी मठ आणि देऊळ उभारले, आणि शेजारी महारोग्यांसाठी इस्पितळे काढली. रस्त्यावर टाकून दिलेल्या माणसांच्या जखमा धुणारे हे परदेशी पाहून लोक चकित झाले. इतर बंधू भाषा शिकत होते, तोवर लोकांशी बोलणे, शिकवण देणे, समजूत घालणे हे पुष्कळसे गोन्सालोंकडेच आले. पंधराव्या वर्षी जे काम करायला ते घरातून निघाले होते, तेच काम पस्तिशीनंतर त्यांना पूर्णपणे मिळाले. येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात जपानच्या मिशनवरून तेव्हा वाद होता. पोप ग्रेगरी तेरावे यांनी 1585 मध्ये हे मिशन येशूसंघाकडेच ठेवले होते, त्यामुळे फ्रान्सिस्कनांचे येणे अनेकांना रुचले नाही.

मग 1596 चा ऑक्टोबर उजाडला. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे हे मालाने भरलेले जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने माल जप्त केला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मागाहून सैन्य, असे जहाजावरच्या माणसाच्या तोंडून निघाल्याचे त्याच्या कानी घालण्यात आले. 8 डिसेंबरला क्योटोच्या मठावर पहारा बसला आणि नंतर सर्वांना तुरुंगात नेले.

पुढचे आपण जाणतोच, म्हणून थोडक्यात सांगतो. 3 जानेवारी 1597 रोजी चोवीस जणांच्या डाव्या कानांचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. भर थंडीत त्यांना शहराशहरांतून फिरवत सुमारे 800 किलोमीटर दूर नागासाकीला नेण्यात आले. वाटेत त्यांची सेवा करणारे दोन भाविक पकडले गेले आणि संख्या 26 झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा सामान्य भाविक. त्यांत बारा ते चौदा वर्षांची तीन मुले होती. फ्रान्सिस्कनांत मेक्सिकोचे फेलिपे दे हेसूस हेही होते. त्यांनी एकदा मठ सोडला होता, मनिलात व्यापार केला होता आणि मग ते पुन्हा मठात परतले होते. मायदेशी जाऊन गुरुदीक्षा घ्यायची म्हणून ते सान फेलिपेवर चढले होते. ज्या येशूसंघाने गोन्सालोंना घेतले नव्हते त्याचे पौल मिकी आणि दोन सोबती त्याच रांगेत चालत होते. त्या रस्त्यावर कोण कुठल्या संघाचा, हा प्रश्न कुणालाच उरला नसावा.

5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसावर चढवण्यात आले. परंपरा सांगते की, गोन्सालोंचा क्रम पहिला होता. ते तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

पोप अर्बन आठवे यांनी 1627 मध्ये त्यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली आणि पोप पायस नववे यांनी 8 जून 1862 रोजी सर्व 26 जणांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेल्यांपैकी या पदाला पोचलेले ते पहिले. त्यानंतर संत आल्फोन्सा (2008) येईपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे गेली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली होती. त्यामुळे गोन्सालो संत झाले तेव्हा त्यांच्या बालपणीचा किल्ला पोर्तुगिजांच्या हातून जाऊन शतक उलटले होते. आज गास येथील चर्च आणि वसईचे महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे. 1998 पासून वसईला स्वतंत्र धर्मप्रांतही लाभला आहे.

जपानमधील गोष्ट अजून थोडी उरली आहे. संतपदाच्या घोषणेनंतर नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंच धर्मगुरूंनी या 26 हुतात्म्यांच्या नावाने चर्च बांधले. 17 मार्च 1865 रोजी काही खेडूत दबकत आत आले आणि आपण त्याच श्रद्धेचे आहोत, असे त्यांनी धर्मगुरूंना हळूच सांगितले. अडीचशे वर्षे धर्मगुरूंवाचून, लपूनछपून, मुलांना स्नानसंस्कार देत त्यांनी विश्वास जपला होता. ख्रिस्ती धर्मावरील बंदी 1873 मध्ये उठली.

निशिझाका टेकडीवर 1962 मध्ये, म्हणजे संतपदाच्या शताब्दीला, स्मारक आणि संग्रहालय झाले. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेल्या ब्राँझच्या 26 मूर्ती तिथे एका रांगेत उभ्या आहेत. पोप जॉन पॉल दुसरे 1981 मध्ये आणि पोप फ्रान्सिस 2019 मध्ये तिथे जाऊन प्रार्थना करून आले. आपल्यापैकी कुणाचे मुलगे-मुली नोकरीनिमित्त जपानला असतील, किंवा कुणी यात्रेला जाणार असेल, तर टेकडी शोधायला त्रास नाही. नागासाकी रेल्वे स्टेशनवरून ती पायी पाच-दहा मिनिटांवर आहे.