टर्नर आणि त्याच्या वह्या

लंडन शहरात कोव्हेंट गार्डन नावाची मोठी भाजीपेठ होती. तिच्या लगतच्या मेडन लेन नामक अरुंद गल्लीत विल्यम टर्नर हे गृहस्थ केशकर्तनाचा आणि केसांचे टोप बनविण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्या पोटी इ. स. १७७५ मध्ये जो पुत्र जन्मास आला, तोच पुढे जगद्विख्यात झालेला निसर्गचित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर होय. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत या परदेशस्थ पुरुषाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या दुकानातच आहे.

मुलगा लहानपणापासून चित्रे काढी. वडिलांनी ती दुकानात टांगली आणि एक ते तीन शिलिंग किमतीस विकावयास ठेवली. येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते अभिमानाने सांगत की, आपला मुलगा चित्रकार होणार. माझ्या वडिलांच्या दुकानात आरशाच्या वर देवादिकांच्या व पुढाऱ्यांच्या तसबिरी होत्या. मुलाने काढलेले चित्र तेथे लावावे असे त्यांच्या मनात कधी आले नाही आणि ते सुचविण्याचे धैर्य मलाही झाले नाही. म्हणून या टर्नरपित्याचे मला अधिक कौतुक वाटते.

१७८९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मुलाला रॉयल अकॅडमीच्या विद्यालयात प्रवेश मिळाला. १७९६ मध्ये त्याचे पहिले तैलचित्र प्रदर्शनात झळकले आणि १८०२ मध्ये तो त्या संस्थेचा पूर्ण सभासद झाला. पुढे तेथेच तो यथार्थदर्शनाचा प्राध्यापक होता. त्याचे बोलणे श्रोत्यांना नीटसे उमजत नसे. परंतु त्याने काढून आणलेल्या आकृत्या पाहण्यासाठीच काही जण येऊन बसत. फळ्यावर विसंबणाऱ्या आम्हां शिक्षकांना यात थोडा दिलासा आहे!

आता त्याच्या वह्यांविषयी. टर्नर दरवर्षी उन्हाळ्यात प्रवासास निघे. खिशात मावेल अशी लहान वही आणि शिसपेन्सिल एवढेच त्याचे मुख्य साहित्य. पूल, गलबते, किल्ल्यांचे बुरूज, डोंगरांच्या कडा, ढगांचे आकार, जे दिसेल ते तो चार रेषांत टिपून घेई. रंग भरण्यास अवकाश नसला तर कोठे कोणता रंग होता, हे चित्रातच शब्दांनी लिहून ठेवी. १८१९ मध्ये नेपल्स येथे असताना कोणी त्याला उघड्यावर बसून रंगकाम करण्याचा आग्रह केला. तेव्हा त्याने हिशेब सांगितला की, एक रंगीत चित्र होण्याच्या वेळात पेन्सिलीची पंधरा-सोळा रेखाटने होतात. धंद्यातील माणसाचाच हा हिशेब! घरी परतल्यावर तो मोठ्या कागदावर रंगांचे पातळ थर देऊन उजेड कोठे व छाया कोठे हे ठरवी. त्यानंतर चित्राची पूर्ण उभारणी होई.

१८१० मध्ये यॉर्कशायरमधील फार्नली येथे तो आपला स्नेही वॉल्टर फॉक्स याच्या घरी उतरला असता डोंगरावर मोठे वादळ उठले. टर्नरने दारात उभे राहून एका पत्राच्या पाठीवर ते भराभर रेखाटले आणि शेजारी असलेल्या फॉक्सच्या मुलाला सांगितले की, दोन वर्षांनी हेच तुला हॅनिबलच्या चित्रात दिसेल. १८१२ मध्ये आल्प्स ओलांडणाऱ्या हॅनिबलच्या सैन्याचे चित्र प्रदर्शनात आले. त्यात सैन्य लहान आहे. वादळानेच सारे आकाश व्यापले आहे.

इकडे टोप वापरण्याची चाल मागे पडून वडिलांचा धंदा बसला होता. १८०० च्या सुमारास ते मुलाच्या घरी राहावयास आले आणि त्याचे मदतनीस बनले. कॅनव्हास चौकटीवर ताणून बसविणे आणि तयार चित्रास व्हार्निश देणे ही कामे त्यांची. त्यामुळे मुलाच्या चित्रांचा आरंभ आणि शेवट आपल्याच हातून होतो, असा विनोद ते करीत. पुढे ट्विकनहॅमच्या घरून लंडनमधील चित्रदालन उघडण्यासाठी त्यांना जावे लागे. गाडीभाडे वाचावे म्हणून त्यांनी एका भाजीवाल्याशी मैत्री जोडली आणि पेलाभर दारूच्या मोबदल्यात ते त्याच्या गाडीवर भाजीसह जाऊ लागले. १८२९ मध्ये ते निवर्तले, तो घाव टर्नरच्या मनातून भरून आला नाही.

टर्नरचे खासगी जीवन आदर्श होते असे म्हणवत नाही. विवाह न करता त्याला दोन मुली झाल्या; पैशाच्या बाबतीत तो चिक्कू समजला जाई. मात्र वह्या त्याने कधी टाकल्या नाहीत. मी ३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. वार्षिक परीक्षा झाली की मुलांच्या चित्रकलेच्या वह्या रद्दीत जात. त्यांचे गठ्ठे मी स्वतः बांधून दिले आहेत. टर्नरच्या सुमारे ३०० वह्या जतन झाल्या आहेत, हे वाचले तेव्हा ते गठ्ठे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८५१ नंतर, मृत्युपत्रावरून कज्जा झाला आणि १८५६ मध्ये त्याच्याजवळची सर्व चित्रे व रेखाटने इंग्लंडच्या राष्ट्राला मिळाली. त्याला सेंट पॉल या मोठ्या चर्चमध्ये पुरले आहे. २०२० पासून इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर या केशकर्तनकाराच्या मुलाचे चित्र आहे.

त्या वह्यांपैकी एकीची गोष्ट सांगावयाची राहिली. १७९७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, टर्नरने ट्वीड नदीकाठचा नॉरहॅम नावाचा पडका किल्ला पेन्सिलीने टिपला. पुढच्याच वर्षी त्यावरून केलेले जलरंगचित्र प्रदर्शनात गाजले. त्यानंतर त्याने तो किल्ला पुनःपुन्हा रंगविला. १८३१ मध्ये तेथून जाताना त्याने टोपी काढून किल्ल्यास नमस्कार केला, सोबत्याने कारण विचारता या किल्ल्याच्या चित्रानेच आपले नशीब काढले असे सांगितले, अशी हकिकत आहे. १८४५ च्या सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तोच किल्ला त्याने तैलरंगात घेतला. त्यात बुरूज नाहीत, दगड नाहीत. पिवळ्या उजेडात विरघळणारी एक निळी छाया आहे आणि पाण्यात उभी असलेली एक गाय. हे चित्र त्याने कोणास दाखविले नाही, १९०६ पर्यंत ते लोकांपुढे आले नाही. पेन्सिलीचे ते पान आणि हे तैलचित्र, दोन्ही आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत.