जॉन ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (२३ जानेवारी, १८५५ - २६ नोव्हेंबर, १९२६) हे अमेरिकन शस्त्रसंशोधक होते. रायफली, छर्‍याच्या बंदुका, स्वयंभरण पिस्तुले आणि मशीनगन या चारही प्रकारांत त्यांनी मूलभूत रचना निर्माण केल्या. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. आजच्या बहुतेक पिस्तुलांत नळीवरून मागेपुढे सरकणारा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, असतो. ही रचना रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

बालपण

ब्राउनिंग यांचा जन्म अमेरिकेच्या यूटा प्रदेशातील ऑग्डेन या गावी झाला. त्यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग हे व्यवसायाने बंदूककार होते. मॉर्मन पंथाची दीक्षा घेतल्यानंतर इलिनॉय आणि आयोवामार्गे ते १८५२ साली यूटामध्ये येऊन पोहोचले. एकामागून एक गोळ्या झाडणार्‍या रायफलींचे काही प्रयोग त्यांनीही केले होते. परंतु ऑग्डेनमध्ये त्यांचा चरितार्थ मुख्यतः दुरुस्तीच्या कामावर चाले.

जॉन लहानाचे मोठे झाले ते याच दुकानात. मोडके घोडे, वाकलेल्या नळ्या आणि निखळलेले सुटे भाग हीच त्यांची खेळणी होती. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी टाकाऊ नळीपासून आपली पहिली बंदूक बनवली. शालेय शिक्षण बेताचे, अभियांत्रिकीचे तर मुळीच नाही; मात्र दुसर्‍याने बनवलेली वस्तू कोठे आणि का बिघडते, याचे ज्ञान त्यांना रोजच्या कामातून मिळाले. पुढेही ते तपशीलवार आराखडे काढण्याऐवजी ओबडधोबड रेखाटने आणि पत्र्याचे कापलेले नमुने यांवरच काम करीत.

विंचेस्टर कंपनीशी संबंध

१८७९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी एप्रिल महिन्यात त्यांचा रेचेल टेरेसा चाइल्ड यांच्याशी विवाह झाला, जूनमध्ये वडिलांचे निधन झाले आणि ७ ऑक्टोबर रोजी एकबारी रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. भावांच्या मदतीने त्यांनी ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना काढला व सुमारे ६०० रायफली तयार केल्या. त्यांपैकी एक १८८३ साली विंचेस्टर कंपनीच्या विक्रेत्याच्या दृष्टीस पडली. कंपनीचे टॉमस बेनेट स्वतः ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर देऊन त्यांनी निर्मितीचे हक्क विकत घेतले.

त्यानंतर १९ वर्षे ब्राउनिंग यांनी विंचेस्टरला एकामागून एक रचना विकल्या. त्यांपैकी कितीतरी कधीच बाजारात आल्या नाहीत. प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत म्हणूनही कंपनी त्या विकत घेई. मात्र १८९४ ची रायफल ७० लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. दरम्यान १८८७ ते १८८९ या काळात त्यांनी जॉर्जिया राज्यात आपल्या पंथाचे प्रचारक म्हणूनही काम केले.

आजवरचे सारे व्यवहार एकरकमी मोबदल्यावर झाले होते. स्वयंचलित छर्‍याच्या बंदुकीसाठी मात्र ब्राउनिंग यांनी प्रत्येक नगामागे मानधनाची मागणी केली. बेनेट यांनी ती नाकारली आणि १९०२ साली हे संबंध कायमचे तुटले. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेले. परंतु भेटीच्या दिवशीच, ८ जानेवारी १९०२ रोजी, त्या कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. तेव्हा ब्राउनिंग यांनी थेट बेल्जियम गाठले. लीएजजवळच्या हेर्स्टाल येथील एफएन कंपनीने त्यांची रचना स्वीकारली. ही बंदूक पुढे जवळजवळ शतकभर तयार होत राहिली.

पिस्तुले आणि साइट

गोळी सुटताना नळीच्या तोंडाशी असलेले गवत वायूच्या झोताने वाकते, हे पाहून १८८९ साली ब्राउनिंग यांना वाया जाणारी ही शक्ती वापरण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. यातून त्यांची पहिली मशीनगन निर्माण झाली. पिस्तुलांसाठी मात्र त्यांनी गोळी सुटताना बसणार्‍या मागच्या धक्क्याचा उपयोग केला.

कोल्ट कंपनीच्या १९०० च्या पिस्तुलात मागची साइट, म्हणजे नेम धरण्याची खाच असलेला छोटा भाग, हीच सुरक्षा कळ होती. ती खाली दाबली की घोड्याचा आघात गोळीपर्यंत पोहोचत नसे आणि नेमही धरता येत नसे. कल्पना चतुर असली तरी वापरास गैरसोयीची ठरली आणि लवकरच सोडून देण्यात आली.

मार्च १९११ मध्ये त्यांच्या ०.४५ इंची पिस्तुलाने चाचणीत ६,००० गोळ्या एकही बिघाड न होता झाडल्या. २९ मार्च रोजी अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले. याची मागची साइट स्लाइडवरील आडव्या डव्हटेल खाचेत घट्ट बसवलेली असते, तर पुढच्या साइटचे टोक छिद्रातून आत नेऊन ठोकून पसरवलेले असते. ही पुढची साइट बारीक होती आणि घाईत नजरेत भरत नसे. पहिल्या महायुद्धानंतर सैन्यानेच सुधारित आवृत्तीत ती रुंद केली.

पुढे अमेरिकेतील नेमबाजांनी घरच्या कामाच्या टेबलावर साइट बदलण्यास सुरुवात केली. हे काम छोटे असले तरी त्यात हयगय चालत नाही. प्रथम मॅगझिन काढून नळीत गोळी नसल्याची खात्री करावी लागते व दारूगोळा दुसर्‍या खोलीत ठेवला जातो. मग स्लाइड सुटी करून मऊ पट्ट्या लावलेल्या शेगड्यात आवळतात आणि पितळी किंवा नायलॉनच्या पंचाने जुनी साइट ठोकून सरकवतात. नवी साइट बसत नसेल तर तिचाच तळ कानशीने घासतात, स्लाइडची खाच नव्हे. कारण साइट स्वस्त असते आणि एकदा मोठी झालेली खाच पूर्ववत होत नाही. गोळी ज्या दिशेला न्यायची त्या दिशेला मागची साइट सरकवतात. गोळी खाली आणायची असेल तर पुढची साइट उंच लागते. दोन्ही साइटमधील अंतर सुमारे १६५ मिलीमीटर धरल्यास मागची साइट केवळ १ मिलीमीटर सरकली तरी २५ मीटरवर गोळी सुमारे १५ सेंटीमीटर बाजूला जाते.

महायुद्ध आणि अखेरचा काळ

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या केली, ती ब्राउनिंग यांनी रचलेल्या एफएन १९१० या पिस्तुलाने. त्यातून भडकलेल्या युद्धात अमेरिका उतरल्यावर मे १९१७ मध्ये त्यांच्या मशीनगनची चाचणी झाली. एका बंदुकीने सलग ४८ मिनिटे १२ सेकंद मारा केला. या मशीनगनचे, स्वयंचलित रायफलीचे आणि १९११ च्या पिस्तुलाचे हक्क त्यांनी सरकारला ७,५०,००० डॉलरला दिले. खुल्या व्यवहारात याहून कितीतरी अधिक रक्कम मिळाली असती. एकरकमी मोबदला नाकारून विंचेस्टर सोडणार्‍या ब्राउनिंग यांनी युद्धकाळात मात्र तो आपणहून स्वीकारला. त्यांचा मुलगा व्हॅल हा फ्रान्समधील रणांगणावर तीच रायफल घेऊन गेला होता.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी एफएनच्या कारखान्यात काम करीत असताना हृदयविकाराने ब्राउनिंग यांचे निधन झाले.

वारसा

त्यांच्या मृत्यूच्या वेळी ९ मिलीमीटरचे हाय पॉवर पिस्तूल अपूर्ण होते. ते द्युदोने सैव्ह यांनी १९३५ पर्यंत पूर्ण केले. याच पिस्तुलावर आधारित ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हे शस्त्र पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्यात तयार होते आणि भारतीय सैन्याने ते वापरले आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रांची निर्मिती, रूपांतर व दुरुस्ती यांसाठी परवाना आवश्यक असतो.

ऑग्डेनच्या युनियन स्टेशनमध्ये ब्राउनिंग यांच्या नावाचे शस्त्रसंग्रहालय आहे.