कॅमेरा घडवणारे पेंटर

बाबूराव पेंटरांचे आडनाव पेंटर नव्हते. ते मेस्त्री. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री. वडील सुतारकाम, मूर्तिकाम आणि चित्रकला या तिन्हींत तरबेज, त्यामुळे घरात पटाशी, माती आणि रंग एकत्रच नांदत असत. पुढे बाबूराव आणि त्यांचे थोर चुलतबंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि लोकांनी दोघांच्याही नावापुढे पेंटर लावून टाकले. आपल्याकडे कुलकर्णी, देशमुख, सोनार ही नावे कामावरूनच आली. फरक एवढाच की पेंटर हे नाव या दोघांनी वतनाने नव्हे, हाताने मिळवले.

आज शाळाशाळांतून रोबोटिक्सचे वर्ग निघाले आहेत. आमच्या बीड जिल्ह्यातल्या शाळांतही मुले मोटारी, चाके आणि तारा जोडून चालते-फिरते खेळणे करून दाखवतात. ब्रश धरून कागदावर रेघा ओढणारा यंत्राचा हातही आता नवलाचा राहिलेला नाही. चित्र आणि यंत्र ही दोन टोके यंदाच कुणीतरी जुळवली, अशा थाटात त्याचे कौतुक चालते. कौतुक जरूर करावे. पण ही गाठ आपल्याच मुलखात शंभर वर्षांपूर्वी एका मेस्त्रीने मारून ठेवली आहे, हेही मुलांना सांगावे, म्हणून हा लेख.

नाटकाचा पडदा ही गोष्ट आता पाहायला मिळत नाही, त्यामुळे ते काम किती अवघड होते याचा अंदाज येत नाही. सपाट कापडावर दरबार असा उभा करायचा की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही खांबांमागे खांब दिसावेत. रस्ता लांब जाताना अरुंद व्हावा, अरण्यात खोली वाटावी. शिवाय तो पडदा दांडीवर गुंडाळला जाणार, दोऱ्यांनी वर-खाली होणार, बैलगाडीतून आणि रेल्वेतून गावोगाव फिरणार. म्हणजे रंगाची जाण हवी आणि दोरी-कप्पीचीही. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातल्या नामांकित पडदेकारांत या दोघा भावांची गणना होत असे. चित्रकलेच्या शाळेत न जाता पाश्चात्त्य धर्तीचे यथार्थ चित्रण त्यांनी स्वतःचे स्वतः आत्मसात केले होते.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला आणि पेंटर बंधूंना सिनेमाचे वेड लागले. आपण हलता पडदा पाहिला की त्यातल्या गोष्टीत रमतो. हे दोघे मेस्त्री, त्यामुळे त्यांचे लक्ष पडद्यामागच्या खटखट करणाऱ्या पेटीकडे. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर आणला आणि सिनेमाचे खेळ करायला सुरुवात केली. पण खेळ करून दोन पैसे मिळवणे हा खरा उद्देश नव्हता. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच जातीची यंत्रे. एकात प्रकाश बाहेर पडतो, दुसऱ्यात आत येतो, पण फिल्म पुढे सरकवण्याची युक्ती जवळजवळ तीच. प्रोजेक्टर ज्याला उमगला त्याला निम्मा कॅमेरा उमगला.

उरलेला निम्मा मात्र प्राण खाणारा होता. फिल्मच्या दोन्ही काठांना भोके असतात, एका चित्राला चार. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे, असा त्या काळचा साधारण हिशेब. प्रत्येक चित्राच्या वेळी फिल्म क्षणभर पूर्ण थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे, आणि मग यंत्राच्या नख्यांनी बरोबर चार भोकांइतकीच फिल्म खाली ओढली पाहिजे. असे सेकंदाला सोळा वेळा. फिल्मवरचे चित्र जेमतेम इंचभर रुंद. वीस फुटी पडद्यावर ते दोनशेचाळीस पटींनी मोठे होते. म्हणजे कॅमेऱ्याच्या दातेरी चाकात केसाएवढी चूक राहिली तर पडद्यावरचा राजा सिंहासनासकट बोटभर थरथरतो. फाळक्यांनी आपला विल्यमसन कॅमेरा १९१२ साली इंग्लंडहून आणला होता. तसे करण्याइतका पैसा पेंटर बंधूंजवळ नव्हता. त्यांनी कॅमेरा घरीच घडवायचे ठरवले.

आणि काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले.

इथे दुसरा कोणी असता तर हातातले सारे सोडून पुन्हा पडद्यांकडे वळला असता. पडद्यांना मागणी होती, नाव होते, घर चालत होते. बाबूरावांनी मात्र विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून भावाचे अर्धे राहिलेले काम पुढे चालू ठेवले. शिष्य कसला, तोही यंत्रातला किमयागारच. १९१८ साली दोघांच्या हातून चालता कॅमेरा तयार झाला.

मी बँकेत उभा जन्म काढला, त्यामुळे कोणतीही थोर गोष्ट वाचली की त्यामागचा पैसा कुठून आला हे शोधण्याची खोड लागली आहे. बाबूरावांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? अर्जदाराचा धंदा पडदे रंगवण्याचा. कर्जाचे कारण, जिल्ह्यात कुणी न बनवलेले यंत्र बनवून त्यावर कुणी न शिकवलेला उद्योग करणे. भागीदार मयत. तारण काही नाही. नियमाप्रमाणे हा अर्ज कोणताही अधिकारी परत पाठवील, आणि नियम पाळले म्हणून त्याला कोणी दोषही देणार नाही. बाबूरावांना पैसा दिला तो कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी. त्यांच्या भांडवलावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचे नाव एका ओळीत येते आणि पुढे जाते. त्या ओळीपाशी मी नेहमी थांबतो. गाऊन मिळवलेला पैसा तिने एका न पाहिलेल्या यंत्रावर लावला. ही पारख आमच्या कर्ज-विभागाला कधी साधली नाही.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री, ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. फाळक्यांची तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती. बाबूरावांनी स्त्रियांची कामे स्त्रियांनाच दिली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. त्याची किंमत त्या दोघींनीच मोजली. समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. चित्रपटातला कीचकवध असा हुबेहूब वठला होता की प्रेक्षक भेदरले आणि ते दृश्य पुढे काढून टाकावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक आणि सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच लोकमान्य गेले.

या चित्रपटांत चित्रकार आणि मेस्त्री खांद्याला खांदा लावून काम करत होते. आयुष्यभर ज्याने पडद्यांवर खोली रंगवली, त्याने सिनेमात आल्यावर रंगवलेला पडदा बाजूला सारला आणि खरीखुरी घरे, खऱ्या भिंती उभ्या केल्या. वेशभूषेची, पात्रांच्या हालचालींची चित्रे तो आधी कागदावर काढून ठेवी. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडे लुगडे काळे उमटे आणि निळे आभाळ पांढरे. डोळ्यांना दिसणारा रंग आणि फिल्मवर उमटणारी छटा यांचा हिशेब त्या जमान्यात प्रत्येक चित्रपटकाराला करावा लागे, आणि मुरलेल्या रंगाऱ्याला तो इतरांहून चांगला कळणार हे उघड आहे. १९२३ च्या सिंहगडसाठी त्यांनी विजेचे दिवे वापरले. जाहिरातीची रंगीत पोस्टरे स्वतः रंगवली, चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढल्या.

आता सावकारी पाश. या एका चित्रपटासाठी मी बाबूरावांचा ऋणी आहे. १९२५ साली, पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांची चलती असताना, त्यांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून एका साध्या शेतकऱ्याचा चित्रपट काढला. सावकार जमीन गिळतो आणि तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तो तरुण म्हणजे व्ही. शांताराम. पडकी झोपडी, काळोख आणि भुंकणारे कुत्रे, या दृश्याचे वर्णन जाणकार अजून करतात. मूकपटात ते भुंकणे ऐकू येणार नव्हते. ते डोळ्यांना ऐकवायचे होते.

बीड जिल्ह्यात शेती-कर्जाचे काम ज्याने केले आहे त्याला या कथेत नवे काही वाटणार नाही. सावकाराला कर्जापोटी खरेदीखतच करून द्यायचे, पैसे फिटले की जमीन परत हा तोंडी वायदा, आणि मग एक दिवस सात-बाऱ्यावर भलतेच नाव. असे सात-बारे मी हाताळले आहेत. आमच्याकडचा ऊसतोड कामगार गिरणीत जात नाही, दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. पट्टा पडेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. हे कोयते बीडहून ज्या मुलखांत जातात त्यांत कोल्हापूरही आहे. बाबूरावांच्या गावाकडे जाणारी ही वाट अजून मोडलेली नाही.

सावकारी पाश चालला नाही. लोकांना देव हवे होते, लढाया हव्या होत्या. स्वतःची झोपडी तिकीट काढून कोण पाहणार? बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनी सोडून गेले आणि त्यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या भांडवलावर प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूच्या हाताखाली शिकलेले सारे काही त्यांनी बरोबर नेले. पुढे दामले-फत्तेलालांच्या संत तुकारामचा १९३७ साली व्हेनिसला गौरव झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र लवकरच बंद पडली.

मग बोलपट आला. बाबूरावांना त्याचे फारसे प्रेम नव्हते. इतक्या वर्षांत चित्राची जी भाषा घडली ती बोलण्याच्या गलबल्यात बुडेल, असे त्यांना वाटत असे. यात हट्ट नव्हता असे मी म्हणणार नाही. पण ज्याने दातेरी चाकापासून पोस्टरापर्यंत सारे स्वतःच्या हाताने केले, त्याला दुसऱ्याच्या यंत्राने दुसऱ्याच्या भांडवलावर चालणारा धंदा परका वाटावा, हे समजण्यासारखे आहे. तरी त्यांनी १९३५ मध्ये उषा केला, १९३६ मध्ये सावकारी पाश बोलता करून पुन्हा काढला, १९३७ मध्ये प्रतिभा केला. त्यानंतर चित्रपट तुरळक. शेवटचा विश्वामित्र, १९५२ चा.

हात मात्र थांबले नाहीत. ते पुन्हा तैलचित्रे रंगवू लागले, पुतळे घडवू लागले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा. १६ जानेवारी १९५४ रोजी ते कोल्हापुरात वारले. १९२५ चा मूक सावकारी पाश आज पाहायला मिळत नाही. तो काही छायाचित्रांत आणि वर्णनांत तेवढा उरला आहे. खरी कॉर्नरजवळ, जिथे त्यांनी चित्रपट काढले त्या परिसरात, त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे आणि दर १ डिसेंबरला कोल्हापूरची चित्रपटातली मंडळी तिथे जमून कॅमेऱ्याची पूजा करतात.