डॉक्टर जॉन स्नो
डॉक्टर जॉन स्नो इंग्लंडातील यॉर्क शहरी १८१३ साली एका मजुराच्या घरी जन्मले. पटकी दूषित हवेने नव्हे, पाण्याने पसरते, असे त्यांचे मत होते. १८५४ साली लंडनातील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीने सहाशेंवर माणसे मेली. स्नो यांनी मृतांची घरे शोधून तेथील विहिरीस दोष दिला व अधिकाऱ्यांकडून तिच्या पंपाचा दांडा काढविला. स्थानिक पाळक हेन्री व्हाइटहेड यांस हे प्रथम पटेना; परंतु घरोघर चौकशी करिता त्यांस आढळले की, एका आजारी तान्हुलीचे कपडे धुतलेले पाणी शेजारच्या शौचकूपात ओतले जाई, व तो विहिरीत पाझरत होता. ती तान्हुलीही दगावली. १८५८ साली स्नो निवर्तले, तेव्हाही पुष्कळांस त्यांचे म्हणणे मान्य नव्हते.

प्रिय वाचकहो, तान्ह्याचा मळ निरुपद्रवी समजू नये; तो विहिरीपासून दूर पुरावा, ही आमची विनंती.