आर्चबिशप आलेशु द मेनेझिस



आपल्या विदर्भात चर्च, शाळा आणि दवाखान्यांतून सेवा करणारे कितीतरी फादर व सिस्टर मूळचे केरळचे आहेत. विदर्भातीलच चांदा धर्मप्रांतात मिस्सा सिरो-मलबार पद्धतीने होते. केरळची ही प्राचीन उपासना बदलू पाहणाऱ्या एका आर्चबिशपांचे हे चरित्र.

आलेशु द मेनेझिस यांचा जन्म २५ जानेवारी १५५९ रोजी लिस्बन येथे उमराव घराण्यात झाला. पंधराव्या वर्षी त्यांनी घरचे वैभव सोडून ऑगस्टीनियन संघात प्रवेश केला. १५९५ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ते गोव्याचे आर्चबिशप झाले. ते कष्टाळू होते. जुन्या गोव्यात १६०६ साली त्यांनी धर्मभगिनींसाठी सांता मोनिका मठ उभारला. निराधार स्त्रियांसाठी आश्रयगृहेही काढली. १६०७ ते १६०९ या काळात पोर्तुगीज राज्याचे गव्हर्नरपदही त्यांनी सांभाळले.

मात्र त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते केरळशी. तेथील ख्रिस्ती लोक प्रेषित संत थॉमस यांचा वारसा सांगत. त्यांची उपासना सुरियानी भाषेत चाले व त्यांचे बिशप पश्चिम आशियातून येत. १५९७ साली बिशप मार अब्राहाम वारले. हे ख्रिस्ती रोमशी घट्ट जोडले जावेत, या तळमळीने मेनेझिस १५९९ च्या आरंभी तेथे गेले. गावोगाव फिरून त्यांनी प्रवचने दिली. जूनमध्ये कोचीजवळ उदयंपेरूर येथे त्यांनी धर्मसभा भरवली. उपासना लॅटिन वळणाची करण्यात आली. चुकीची शिकवण असल्याचा संशय आला ते सुरियानी ग्रंथ दुरुस्त करण्याचा वा जाळण्याचा हुकूम निघाला. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पोथ्या आगीत गेल्या.

पुढे मेनेझिस युरोपात परतले, ब्रागाचे आर्चबिशप झाले आणि १६१७ साली माद्रिद येथे निवर्तले. केरळमधील दुखावलेली मने मात्र शांत झाली नाहीत. १६५३ साली मट्टनचेरी येथे हजारोंनी क्रुसासमोर शपथ घेऊन लॅटिन अधिकार झुगारला. एका कुटुंबाच्या दोन चुली झाल्या. त्यातले बरेच जण नंतर परतले, पण फूट कायम राहिली. १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी सिरो-मलबार ख्रिस्तसभेला स्वतःची धर्मप्रांतरचना दिली.

मेनेझिस यांची तळमळ खरी होती. परंतु ऐक्य हुकमाने येत नाही. आधी दुसऱ्याची प्रार्थना ऐकावी लागते. आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात आपण ती ऐकतो का?